स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या हेडसेटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दिशाभूल करणारी जाहिरात, सदोष स्पंज व चुकीच्या सूचना, पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या टीडीसीएस हेडसेटचे, म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या ओल्या स्पंजांतून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या उपकरणाचे, बिल सोबत जोडले आहे. खोक्यावर ठळक छापले आहे, ‘20 मिनिटांत एकाग्रता व स्मरणशक्ती वाढते, शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध.’ तसे सिद्ध झालेले नाही.

माहितीपत्रकात आधार दिलेला 2005 सालचा प्रयोग 15 तरुणांवर झाला होता. प्रवाह 1 मिलिअँपिअर, वेळ 10 मिनिटे, स्पंज 35 चौरस सेंटिमीटरचे. चाचणी एकच : पडद्यावर आत्ता दिसलेले अक्षर तीन अक्षरांपूर्वीचेच आहे का, हे ओळखायचे. आपला हेडसेट 2 मिलिअँपिअर देतो, तेही 20 मिनिटे, 9 चौरस सेंटिमीटरच्या स्पंजातून. त्या प्रयोगाचा दाखला या वस्तूला लागूच होत नाही. प्रवाह वाढवला की गुण वाढतो, असेही नाही. ऋण इलेक्ट्रोडखाली 1 मिलिअँपिअरने मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजनक्षमता कमी होते. 2013 च्या एका प्रयोगात त्याच इलेक्ट्रोडखाली 2 मिलिअँपिअर 20 मिनिटे दिल्यावर ती उलट वाढली.

नंतरचे संशोधन आपण गाळले आहे. निरोगी माणसांना एकदाच दिलेल्या टीडीसीएसचा आकलनावर खात्रीचा परिणाम दिसत नाही, असे 2015 च्या एकत्रित आढाव्यात म्हटले आहे. त्या आढाव्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, हे मान्य. पण वाद चालू असलेल्या गोष्टीला ‘सिद्ध’ म्हणता येत नाही. नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी तर बाजारात मिळणारा असाच एक हेडसेट तपासला, तेव्हा कार्यकारी स्मृती (काम करताना माहिती तात्पुरती लक्षात ठेवण्याची क्षमता) सुधारण्याऐवजी घटली. हे तंत्रच थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही. नैराश्यावर त्याचे गंभीर काम चालू आहे. परीक्षेच्या तयारीतल्या मुलांना ते या शब्दांत विकणे मला मान्य नाही.

स्पंजांची बाब अधिक तातडीची आहे. 2 मिलिअँपिअरला 35 ने भागले तर दर चौरस सेंटिमीटरला 0.057 पडतात, 9 ने भागले तर 0.22, म्हणजे कातडीवर जवळजवळ चौपट भार. त्यात सूचना ‘साध्या पाण्यात भिजवा’ अशी. नळाच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही. कडा सुकल्या की प्रवाह उरलेल्या ओल्या जागेत एकवटतो, उपकरण तो कायम राखण्यासाठी व्होल्टेज वाढवते, आणि तिथे कातडी भाजते. त्यासाठी 0.9 टक्क्यांचे सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी, लागते. तेही स्पंज हलका दाबल्यावर थेंब गळणार नाही इतकेच. केस ओले झाले की प्रवाह कातडीवरूनच एका स्पंजातून दुसऱ्यात निघून जातो. संपर्क बिघडला तर प्रयोगशाळेतले यंत्र रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) दाखवते, थांबते. इथे फक्त बॅटरीचा हिरवा दिवा आहे.

पत्रकात मुंग्या येणे ही ‘मेंदू जागा होत असल्याची खूण’ म्हटली आहे. हे वाक्य आधी काढा. त्या मुंग्या कातडीच्या असतात. प्रयोगांत तुलनेच्या गटालाही सुरुवातीची सुमारे 30 सेकंद प्रवाह देऊन मग तो बंद करतात, कारण मुंग्या दोन्ही गटांना सारख्याच जाणवाव्या लागतात. या वाक्यावर विश्वास ठेवणारा मुलगा चटका बसू लागला तरी पट्टा काढणार नाही.

पूर्ण रक्कम परत करावी. याच हेडसेटवर, तुलनेच्या गटासह केलेली चाचणी असल्यास तिचा अहवाल पाठवावा. नसल्यास ‘सिद्ध’ हा शब्द खोक्यावरून व जाहिरातींतून काढावा. ज्यांनी हेडसेट आधीच घेतला आहे त्यांना मोठे स्पंज व सलाईनची सुधारित सूचना विनामूल्य पाठवावी. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(28) खाली येणारी दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार केली जाईल.

कळावे,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे व माहितीपत्रकाचे फोटो