मंत्रीसाहेब, आपल्या नहरीची आणि शिलालेखांची गोष्ट मराठीत सांगा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी मूळचा छत्रपती संभाजीनगरचा, चौदा वर्षं झाली शारजात नोकरी करतोय. सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन इथली म्युझियम बघायची सवय लागली आणि त्यातूनच हे पत्र लिहायला बसलोय.

इथे शारजातल्या रोला भागाजवळ अल हिस्न म्हणून किल्ला आहे, 1823 चा. 1969-70 च्या सुमारास तो पाडायला घेतला होता. आत्ताचे शासक शेख सुलतान तेव्हा कैरोत शिकत होते, त्यांना हे कळलं तसे ते धावत परत आले, तोवर जवळजवळ सगळा किल्ला गेला होता आणि अल कब्स नावाचा एकच बुरूज उभा होता. त्यांनी उरलेली दारं-खिडक्या जपून ठेवली, पायाची मापं घेतली आणि नव्वदच्या दशकात त्यावरून किल्ला परत उभा केला. विद्यार्थी माणूस हो, पण मापं घेऊन ठेवली म्हणून पुढे काम झालं!

त्याच शारजात एका जुन्या बाजाराच्या इमारतीत 2008 पासून इस्लामिक संस्कृतीचं म्युझियम आहे. विज्ञानाच्या दालनाला इब्न अल हैथम या जुन्या अरब शास्त्रज्ञाचं नाव दिलंय आणि पाट्या अरबीसोबत इंग्लिशमध्येही आहेत, त्यामुळे मुलगी एकटी वाचत पुढे जाते. पाटीवर "तारीख" शब्द आला की मी तिला सांगतो, हा आपलापण शब्द आहे, अर्ज, वकील, हिशोब हे पण इथूनच आलेत, आणि ती खुश होते.

पण मला खरं हलवलं ते अबू धाबीतल्या अल ऐन शहरानं. तिथल्या खजुराच्या बागेत फलजचं पाणी वाहतं, म्हणजे लांबून जमिनीखालून आणलेलं पाणी, बागेत आलं की उघड्या पाटातून झाडांच्या आळ्यात सोडतात, कुणाला किती वेळ पाणी ते ठरलेलं. अल ऐनच्या या जागा 2011 ला युनेस्कोच्या यादीत गेल्या आणि फलजची परंपरा 2020 ला. मुलगी पाटात पाय सोडून बसली होती आणि मी तिला म्हणालो, अगं असंच आपल्या गावात पण आहे, आणि मग पुढे काय सांगायचं ते मला सुचेना.

साहेब, आपली संभाजीनगरची नहर-ए-अंबरी त्याच जातीची. मलिक अंबर इथियोपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, येमेनचं मोखा, मग बगदाद, असं करत दख्खनला पोचला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, 1610 ला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. म्हणजे अरब जगाशी आपलं नातं आपल्याच पाण्यात आणि आपल्याच इतिहासात आहे, ते कुठून उसनं आणायचं नाही.

मागच्या सुट्टीत मुलीला घेऊन एका जुन्या मकबऱ्यात गेलो होतो. दारावर दगडात दोन ओळी कोरलेल्या, अक्षरं इतकी सुंदर की तिने बोट फिरवत फिरवत विचारलं, "बाबा, काय लिहिलंय?" खाली निळी पाटी होती, त्यावर हे संरक्षित स्मारक आहे आणि नुकसान केलं तर काय शिक्षा होईल एवढंच. चौकीदारकाका भले माणूस, म्हणाले "कुराणातली आयत असंल बेटा, नाहीतर बांधणाऱ्याचं नाव." त्यांचा काय दोष, त्यांना तरी कोणी सांगितलंय?

म्हणून मागणं सरळ आहे. मराठवाड्यात आणि अहिल्यानगरात असे जेवढे अरबी-फारसी लेख आहेत त्यांचं वाचन मराठी अर्थासकट तिथल्या तिथे लावा. अहिल्यानगरच्या दमडी मशिदीचं दगडातलं कोरीवकाम बघायला माणूस मुद्दाम जातो, त्याला ते वाचता पण आलं पाहिजे ना. ही अक्षरं वाचणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या हाताखाली चार-पाच तरुण पोरं-पोरी बसवा, त्यांना नीट मानधन द्या, फुकटात कोणी टिकत नाही. आणि नहरीचा पूर्ण नकाशा करा, कुठून कुठे जाते, कुठे बुजली, कुणाच्या घराखाली गेली, सगळं मापासकट. रस्ता खणताना कोणाला कळतच नाही की खाली काय आहे, अन् एकदा फुटली की मग कसली दुरुस्ती.

मी डिसेंबरात महिनाभर गावी येतोय. शाळेतले दोन-तीन मित्र पण तयार आहेत, एक त्यातला सर्व्हेअर आहे. मापं घ्यायला, फोटो काढायला, दारोदार जाऊन विचारायला आमचे हात वापरा, फक्त तुमच्या खात्यातलं एक माणूस सोबत द्या आणि परवानगीचा कागद.

आपला,
शारजातला एक संभाजीनगरकर