बाबा, अंगणातलं ते नॅट विमान आठवतं का?

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं होतं दोनदा, पण आई तू लगेच "आवाज का बसला तुझा" म्हणालीस आणि माझं सगळं तिथंच राहिलं. म्हणून लिहितेय. बाबा, आधी सकाळची गोळी घ्या, मग वाचा.

तुमच्या नातीचं, सईचं, एअरफोर्समध्ये झालंय. फ्लाइंग ब्रँच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुंडिगलला एअरफोर्सच्या अकॅडमीत जायचंय, हैदराबादजवळ, म्हणजे नागपूरहून एका रात्रीचा प्रवास. आम्ही दोघांनी हो म्हटलंय, कागद पण गेलेत. बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती आणि लिस्ट लागेपर्यंत तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही. दादाला माहीत होतं पण त्याच्यावर चिडू नका, मीच शपथ घातली होती.

आई, लगेच फायटर नसतं गं. आधी ट्रेनिंगचं विमान, मग तिथले लोक ठरवतात फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर. 2016 पासून मुली फायटर उडवतात, आता नवल नाही राहिलं. राहणं, जेवण, डॉक्टर सगळं तिथंच, आमच्या पुण्याच्या घरापेक्षा जास्त शिस्तीत जेवेल पोट्टी. पण तिला फायटरच हवंय, हे तुझ्यापासून लपवत नाही.

हे वेड तिला कुठून आलं ते तुम्हाला माहीत आहे. वायुसेना नगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही खडूनं नॅट काढायचे ना बाबा, खऱ्या मापाचा, पंख 22 फूट, एक टोक आईच्या तुळशीपाशी आणि दुसरं नळाच्या मोरीत. मी मधोमध बसायची आणि तुम्ही सेखोंची गोष्ट सांगायचे. तुमच्या हाताला तेव्हा ड्युटीवरच्या ग्रीसचा वास असायचा, साबणानं धुतला तरी. तीच गोष्ट तुम्ही सईला सांगितली, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर.

आणि आई, तू दरवेळी आतून विचारायचीस, "त्याच्या बायकोचं काय?" बाबा गप्प व्हायचे. गेले पंधरा दिवस मला तेवढंच ऐकू येऊन राहिलंय.

म्हणून मी यावेळी त्याचं सगळं आयुष्य वाचून काढलं, नुसती शेवटची सकाळ नाही. निर्मलजित सिंग सेखों, लुधियानाजवळच्या इसेवालचा. वडील स्वतः एअरफोर्सचे. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, 1967 च्या जूनमध्ये कमिशन मिळालं, मग नॅट उडवणारी 18 स्क्वाड्रन. सगळ्यांना ब्रदर म्हणायचा म्हणून त्याचंच नाव ब्रदर पडलं. बाबा, हे तुम्ही कधीच सांगितलं नाही! 1948 पासूनच्या करारामुळे श्रीनगरला फायटर ठेवायची नाहीत, म्हणून लढाई लागल्यावर ही पोरं तिथं गेली, ना त्या उंचीची सवय ना त्या थंडीची. 14 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानची सहा सेबर विमानं आली, रनवेवर बॉम्ब पडत असताना हा त्याचे लीडर घुमन यांच्यामागून उडाला, धुळीत दोघांची चुकामूक झाली आणि हा एकटा भिडला. सन्मानपत्रात लिहिलंय की एकाला मारा लागला, दुसरं पेटलं. मग त्याचं विमान पडलं. शरीर सापडलंच नाही, कितीदा शोधलं तरी. परमवीर चक्र मिळालेला एअरफोर्सचा तो आजवरचा एकटाच.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आई. तू बरोबरच विचारत होतीस. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही आणि मी काही बनवून सांगणार नाही तुला. फक्त त्याच्या वडिलांचं सारखं मनात येतं, विमानं जवळून पाहिलेला माणूस, धोका माहीत असलेला, त्यांनीही पोराला जाऊ दिलं होतं. सईला नाही म्हणायला तोंड उघडलं की मला तुमचा खडू दिसतो बाबा, आणि नाही निघत नाही तोंडातून.

रडू नकोस आई. रडलीस तरी चालेल, पण उपाशी झोपू नको. गुडघ्याचा पट्टा बांधायचा, न्हाणीत खुर्ची घ्यायची, आणि स्वयंपाकाच्या बाईंना भाकरी नीट जमत नाही म्हणून सुट्टी द्यायची नाही. बाबा, फुटाळा तलावावर पहाटे पाचला जायचं बंद. ऊन आल्याशिवाय गेट उघडायचं नाही, कानटोपी घालायची, रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं थांबवायची नाही. स्कूटर विकून टाका, मी यावेळी ऐकणार नाही. गीझरचा माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत मी.

सई 26 तारखेला येतेय, चार दिवस तुमच्याकडेच राहील. तिला वांग्याचं भरीत हवंय, तुझ्या हातचं. आणि बाबा, तिला ब्रदरचं सगळं सांगा, इसेवालपासून. तिच्याजवळ खडूची पेटी देतेय. गच्चीवर नाही, पोर्चमध्येच काढा, मावेल. तुम्ही खुर्चीत बसून माप सांगायचं, वाकायचं नाही, रेघा ती ओढेल.

तुमची,
छकुली