घड्याळ मागे पडलेला संगणक : आई-बाबांना पत्र

बंगळूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल फोन ठेवल्यापासून संगणकाचाच विषय डोक्यात आहे. बँकेची साइट उघडत नाही, मेल उघडत नाही, जिथे जावे तिथे कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना येते आणि दुरुस्तीच्या दुकानातले गृहस्थ म्हणतात की व्हायरस शिरला आहे, सगळे फॉरमॅट करावे लागेल. बाबा, कृपा करून फॉरमॅट करू देऊ नका. मुलांचे फोटो आणि आईने दोन वर्षे बसून टाइप केलेली भजनी मंडळाची वही त्यात पुसली जाईल आणि मूळ दुखणे जिथल्या तिथे राहील.

ते दुखणे तुम्ही पाठवलेल्या फोटोतच दिसते आहे. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आहे १ जानेवारी २०१४. एस.टी.च्या पासावर जशी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत लिहिलेली असते, तसेच प्रत्येक सुरक्षित साइटकडे मुदतीचे एक प्रमाणपत्र असते आणि ब्राउझर ते आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आपले घड्याळ २०१४ साली थांबले असेल, तर बँकेचे आजचे प्रमाणपत्र त्याला 'अजून मुदत सुरू न झालेले' दिसते आणि तो दार उघडत नाही. बँकही ठीक आहे आणि आपला संगणकही बिघडलेला नाही, चुकली आहे ती फक्त तारीख.

ती का चुकते, तेही सांगते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ आतल्या मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, रुपयाएवढ्या चपट्या सेलवर चालते. आपण रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो, त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवर असतो, आणि संगणक घेतल्यापासून तो एकदाही बदललेला नाही. सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेवर जाते. आजच्या पुरते काम भागवायचे असेल, तर कोपऱ्यातल्या वेळेवर माउसचे उजवे बटण दाबून 'ॲडजस्ट डेट/टाइम' निवडा आणि तारीख, वेळ व साल नीट भरा. साल तेवढे विसरू नका, दिवस आणि महिना बरोबर असला तरी सालामुळे सगळे अडते.

कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. पोवई नाक्यावरच्या कोणत्याही घड्याळाच्या दुकानात 'सी-आर २०३२' एवढे सांगा, तीन व्होल्टचा हा सेल फार महाग नसतो. बसवताना आधी संगणक बंद करून वायर भिंतीतून पूर्ण काढा, मग चालू करण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बाजूचे झाकण उघडल्यावर पेटीच्या धातूला एकदा हात लावा आणि मगच आत हात घाला. सेलच्या कडेची लहान खिट्टी हलकेच बाजूला सारली की तो आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिकचे चिन्ह वर राहू द्या. पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर एखादे बटण दाबण्याची सूचना आली तर घाबरू नका, तारीख पुन्हा भरा म्हणजे झाले.

बाबा, संगणक मंद झाल्याची तुमची तक्रार वेगळी आहे. "मी रोज बंद करतोच की," असे तुम्ही म्हणता, पण विंडोज ८ पासून साधे 'शट डाउन' केल्यावर यंत्रणेचा गाभा सहसा पूर्ण बंद होत नाही, सकाळी लवकर सुरू व्हावे म्हणून त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवलेली असते, आणि तिच्यासोबत जुनी गुंतागुंतही जपली जाते. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने सुरू करते. आठवड्यातून एकदा ते करत जा. प्रिंटर रुसला तरी आधी हेच करून पाहा.

आई, मागच्या महिन्यात पडदा लाल होऊन भोंगा वाजू लागला आणि एका नंबरावर ताबडतोब फोन करा असे आले, तेव्हा तू फोन केला नाहीस, याचे मला फार समाधान वाटते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पुन्हा तसे झाले तर कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातले 'एस्केप' बटण दाबून धर, पान लहान झाले की बंद कर. तेही जमले नाही तर संगणक चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेव. नंतर ब्राउझरने जुनी पाने परत उघडू का असे विचारले तर नको म्हण. कोणी फोनवरून एखादे ॲप टाकायला लावले आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे, मला सांगणे त्यानंतर.

आपल्या विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा नवा संगणक घ्यावा लागेलच, पण ते मी आल्यावर पाहू. तोवर पडद्यावर काहीही अनोळखी दिसले, तर कशालाही हात लावण्याआधी त्याचा फोटो काढत जा, मला त्यावरून निम्मे काम कळते. सेल बसवून रात्री भिंतीवरचे बटण नेहमीप्रमाणे बंद करा आणि सकाळी कोपऱ्यातल्या तारखेचा फोटो तेवढा पाठवा.

तुमची,
मीनू