काकू, हे तोंडावर ऐकून घेणार नाही तुम्ही

काकू, समोर बोलायला लागले की तुम्ही "पुरे गं, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहूनच टाकतेय. प्राध्यापक व्हायला लागते ती सेट परीक्षा निघाली, तुम्ही शिकवलंत म्हणून! काल रिझल्ट बघितल्यापासून नुसतं रडू येतंय आणि नेमकं तुमच्या दाराला कुलूप.

ज्या क्लासला बाबांनी एवढी फी भरली तिथे इंग्लिश लिटरेचर म्हणजे टर्म, नाव, साल, की पुढची टर्म. निगेटिव्ह केपेबिलिटी, कीट्स, १८१७. ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह, एलियट, १९१९. मेटाफिजिकल कन्सीट, जॉन डन, लिहा पटापट. "म्हणजे काय सर?" विचारलं की "मराठी मीडियम का?" आणि अख्खा वर्ग फिदीफिदी. आणि हेच सर कवी वर्ड्सवर्थने आपल्या कवितासंग्रहाला लिहिलेली १८०० ची प्रस्तावना डिक्टेट करायचे बरं का, ज्यात तो बिचारा कवितेत साध्या, गावाकडच्या माणसांची बोली आणा म्हणून जीव तोडून सांगतोय!

तुम्ही टर्म सांगितलीच नाही आधी. नातवाच्या कंपासपेटीतून कंपास काढलात, तो ओरडतोय "आजी उद्या भूमितीचा पेपर आहे", तुम्ही म्हणालात थांब रे दहा मिनिटं, आणि डायनिंग टेबलवर कागद ठेवून मला म्हणालात टोक दाबून धर, ही घरी राहिलेली बायको, आणि पेन्सिलचा पाय तुम्ही स्वतः लांब लांब नेलात, हा प्रवासाला निघालेला नवरा. तो जितका लांब जाईल तितका माझ्या हातातला पाय त्याच्याकडे वाकत होता, आणि तुम्ही जवळ आणल्यावर परत ताठ उभा. मग म्हणालात, हा कवी डनचा कन्सीट, म्हणजे लांबून ओढून आणलेली उपमा.

पण मला खरं लागलं ते त्यानंतरचं. "कळलं का" नाही विचारलंत तुम्ही. "तुला पटली का ही उपमा?" असं विचारलंत. एम.ए. झालं माझं, पण मला काय वाटतं हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं ओ. मी गप्प बसले तर म्हणालात, नाही पटली तरी चालेल, डॉ. जॉन्सनलाही हीच उपमा वाचून प्रश्न पडला होता की याला हुशारी म्हणायची का वेडेपणा. अठराव्या शतकातल्या एवढ्या मोठ्या टीकाकाराच्या पंगतीत बसवलंत मला, तेही घरातल्या गाऊनवर!

त्यानंतर साहित्यातल्या चळवळींची भीतीच गेली. प्री-राफेलाइट म्हणवणाऱ्या चित्रकार-कवी पोरांनी १८४८ साली लंडनमध्ये स्वतःच स्वतःचं बारसं केलं, पण वर्ड्सवर्थ काय किंवा डन काय, आपण अमुक चळवळीतले हे त्यांच्या गावीही नव्हतं, लेबलं मागाहून लोकांनी चिकटवली, हे तुम्ही असं सांगितलंत जशी काही सोसायटीतली भांडणं.

ज्ञान असलेली माणसं ढिगाने भेटतात हो, समोरच्याला लहान न करता ते देणारी कमी. आणि अशी माणसं नेमकी बोर्ड लावून बसत नाहीत.

एक आगाऊपणा करून ठेवलाय. माझी मावसबहीण टीवायला आहे, इंग्लिशच घेतलंय, स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेसवर (पात्राच्या मनातला विचारांचा ओघ तसाच लिहिणं) अडलीय आणि तिचे सर पण डिक्टेशनवालेच. तिला रविवारी पाठवतेय तुमच्याकडे. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हणणार नाही असं मी तिला सांगूनसुद्धा टाकलंय.