डॉक्टर मॅडम, तिला खरं केलंत तुम्ही

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

कुमारवयीन वाचकांसाठीची माझी कादंबरी आली आणि तिच्यातली पंधरा वर्षांची धावपटू वाचकांना खरी वाटते आहे. ऋणनिर्देशात तुम्ही नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र, इथेही नाव न घेता.

जिंकत असलेली मुलगी अचानक कोसळते कशी, एवढंच विचारायला मी आले होते. तुम्ही म्हणालात, अचानक काहीच होत नाही. सराव वाढतो, खाणं त्या मानाने वाढत नाही, आणि शरीर काटकसर करू लागतं. पाळी लांबते, मग बंद होते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती कमकुवत होतात. मग कधीतरी नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, जी सुरुवातीला एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण कादंबरी उभी राहिली ती तुमच्या पुढच्या बोलण्यावर. वजन उतरतं तेव्हा काही मुलींची धावण्याची वेळ आधी सुधारते. प्रशिक्षक खूश, घरचे खूश. पाळीची कटकट गेली म्हणून तिलाही बरंच वाटतं. आजार वाढत असतो तेव्हाच कौतुकही वाढत असतं! त्या दिवशी मी कथेतला कठोर प्रशिक्षक काढून टाकला. आता तिच्याभोवती सगळी जीव लावणारी माणसं आहेत आणि त्यांच्यापुढे ‘दुखतंय’ म्हणणं तिला जमत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून सगळे आनंदाने तिला पुन्हा मैदानावर पाठवतात, तो प्रसंग लिहिणं मला सगळ्यात जड गेलं.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिमनॅस्ट सिमोन बाइल्स स्वतःहून सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली तेव्हा ती चोवीस वर्षांची, अनेकदा जगज्जेती ठरलेली खेळाडू होती. तरी तिला केवढं ऐकून घ्यावं लागलं! मग पंधरा वर्षांच्या मुलीने कुणाच्या जोरावर ‘नाही’ म्हणायचं, हे तुम्ही विचारलंत आणि मला माझं शेवटचं प्रकरण मिळालं.

आणखी एका गोष्टीबद्दल विशेष आभार. तिचं वजन, तिचं खाणं आकड्यांत लिहू नका, वाचणाऱ्या मुली त्या आकड्यांशी स्वतःला ताडून बघतील, असं तुम्ही बजावलंत. पुस्तकात असा एकही आकडा नाही. तुमच्या खोलीत रोज अशा मुली येतात म्हणूनच हे तुम्हाला सुचलं.

परवा एका वाचक मुलीचं पत्र आलं. पुस्तक वाचून तिने आईला पाळी बंद झाल्याचं सांगितलं आणि दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. ते पत्र खरं तर तुमचं आहे. तिची परवानगी घेतली आहे, सोबत पाठवते आहे.

तुमची ऋणी,
कादंबरीची लेखिका