मैफलीच्या ब्लू-रे डिस्कवरील ५.१ ध्वनीत वाहिन्यांची अदलाबदल झाल्याबाबत तक्रार

पुणे,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ख्यालगायनाच्या मैफलीच्या ब्लू-रे डिस्कमधील ध्वनिदोष आणि सुधारित प्रतीची मागणी

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीने प्रसिद्ध केलेली ख्यालगायनाच्या मैफलीची ब्लू-रे डिस्क मी डिसेंबर महिन्यात विकत घेतली. पहिली प्रत सदोष निघाल्याचे कळवताच आपण ती परत घेऊन दुसरी पाठवलीत, याबद्दल आभारी आहे. परंतु दुसऱ्या प्रतीतही तोच दोष आहे. याचा अर्थ बिघाड एखाद्या प्रतीत नसून ज्या मास्टरवरून, म्हणजे मूळ प्रतीवरून, सर्व प्रती काढल्या त्यातच असावा. तसे असल्यास तिसरी प्रत पाठवूनही तो दूर होणार नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

दोष डिस्कवरील ५.१ ध्वनीत आहे. या ध्वनीत सहा वाहिन्या, म्हणजे सहा स्वतंत्र आवाज असतात: समोरच्या डाव्या, मधल्या व उजव्या आणि मागच्या डाव्या व उजव्या अशा पाच स्पीकरसाठी एकेक, आणि फक्त खोल आवाज वाजवणाऱ्या सबवूफरसाठी सहावी. पडद्यावर गायिका मध्यभागी, तबला आपल्या डाव्या हाताला आणि संवादिनी उजव्या हाताला, अशी आपल्याकडच्या बैठकीची नेहमीची मांडणी दिसते. त्या संध्याकाळी मी स्वतः सभागृहात हजर होतो, त्यामुळे मांडणी तशीच होती हेही मला ठाऊक आहे. डिस्कवर तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोल, डावीकडून ऐकू येते, ते योग्यच आहे. गायिकेचा आवाज मात्र मधल्या स्पीकरऐवजी उजव्या स्पीकरमधून येतो आणि संवादिनी मधोमध वाजते. डग्ग्याचा जो खोल घुमारा सबवूफरमधून यायला हवा, तो मागच्या उजव्या कोपऱ्यातील लहान स्पीकरमधून धपधप असा येतो. टाळ्यांच्या वेळी सबवूफरमधून नुसती घरघर ऐकू येते. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात गायिका मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात, तेव्हा सूर उजवीकडून, चाट डावीकडून आणि घुमारा पाठीमागून येतो व ती सम तीन ठिकाणी फुटते. ज्या क्षणासाठी श्रोता इतका वेळ कान लावून बसलेला असतो, नेमका तोच हातून जातो.

आपल्या दूरध्वनी सेवेतील प्रतिनिधींनी मला प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यास सांगितले. ते मी केले, फरक पडला नाही. ॲम्प्लिफायरमधील चाचणीचा आवाज प्रत्येक स्पीकरमधून आपापल्या जागी येतो, माझ्याकडील इतर डिस्कचा ५.१ ध्वनी निर्दोष आहे आणि एका मित्राच्या घरी, पूर्णपणे वेगळ्या कंपनीच्या प्लेअरवर व ॲम्प्लिफायरवर ही डिस्क लावली असता वर लिहिलेला प्रकार जसाच्या तसा ऐकू आला. शिवाय याच डिस्कवरील स्टिरिओ ध्वनी अगदी बरोबर आहे. तेव्हा दोष माझ्या यंत्रणेत नाही आणि मूळ ध्वनिमुद्रणातही नाही.

माझ्या मते कारण पुढीलप्रमाणे आहे. सहा वाहिन्या मांडण्याचे दोन क्रम ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात रूढ आहेत. सिनेमाच्या कामातून आलेल्या क्रमात डावी, मधली, उजवी, मागची डावी, मागची उजवी आणि शेवटी सबवूफर अशा वाहिन्या येतात. दुसऱ्या क्रमात डावी, उजवी, मधली, सबवूफर, मागची डावी आणि मागची उजवी. पहिल्या क्रमाने तयार झालेला ध्वनी दुसऱ्या क्रमाचा समजून डिस्कवर चढवला, तर मधली आणि उजवी वाहिनी एकमेकींच्या जागी जातात, मागची डावी सबवूफरमध्ये जाते, मागची उजवी मागच्या डाव्या स्पीकरमध्ये आणि सबवूफरची वाहिनी मागच्या उजव्या स्पीकरमध्ये पोहोचते. जागेवर राहते ती फक्त पुढची डावी, आणि म्हणूनच तबल्याची चाट तेवढी ठीक ऐकू येते.

हे ताडून पाहण्यासाठी मी ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला जोडलेल्या समोरच्या मधल्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली, तेव्हा गायिका मध्यभागी आल्या आणि संवादिनी उजवीकडे गेली. मागच्या डाव्या बाजूचा आवाज मात्र तारा बदलून परत मिळत नाही, कारण तो सबवूफरच्या वाहिनीत अडकला आहे आणि सबवूफर साधारण १२० हर्ट्झच्या वरचे काही वाजवत नाही. सभागृहाच्या त्या अर्ध्या भागातील दाद, कुजबुज आणि गाण्याचा मागून परतणारा नाद असा नाहीसा झाला आहे. माझ्या शेजारी बसलेल्या आईने त्या संध्याकाळी दिलेली दादही त्यात असावी. तिला आता घराबाहेर पडता येत नाही, आणि ही डिस्क मी मुख्यतः तिच्यासाठीच घेतली होती.

अशी तक्रार आणखी कोणी केलेली नाही, असे मला सांगण्यात आले. ते खरे असेल. दूरचित्रवाणी संचाच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यास हा दोष सहज कळणार नाही. सहा वाहिन्यांच्या दोन करताना सबवूफरची वाहिनी बहुधा वगळलीच जाते आणि आवाज उजवीकडे झुकल्याचे लहान संचावर फारसे जाणवत नाही. परंतु डिस्कच्या वेष्टनावर ५.१ ध्वनी ठळकपणे छापलेला आहे आणि त्यासाठीच अनेकांनी पैसे मोजले असतील.

तरी कृपया ज्यांनी हा ध्वनी डिस्कवर चढवला त्या तंत्रज्ञांकडून मूळ सहा वाहिन्यांचा क्रम तपासून घ्यावा आणि दुरुस्त केलेली डिस्क मला व इतर सर्व खरेदीदारांना विनामूल्य द्यावी. तोपर्यंत सदोष प्रतींची विक्री थांबवावी. मला पैसे परत नको आहेत, ही मैफल नीट ऐकायला हवी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(१०) मधील व्याख्येप्रमाणे हा मालातील दोष ठरतो. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल, मात्र ती वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुसरी प्रत माझ्याकडे आहे. तपासणीसाठी हवी असल्यास लगेच पाठवीन, आणि आपल्या तंत्रज्ञांना माझ्या घरी येऊन ऐकायचे असल्यास त्यांचे स्वागतच आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची छायाप्रत