रसवंतीवरच्या सरांना

आदरणीय सर,

मी सांगलीतला रसवंतीवाला. तुम्ही येऊन गेल्याला चार दिवस झाले, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

माझी सातवीतली पोरगी सुट्टीत दुकानात बसते. तिच्या ध्यानात आलं होतं, की वळवाच्या आधी हवा दमट झाली की बर्फाची लादी सावलीतसुद्धा भराभर जाते. कोरड्या उन्हाळ्यात सावलीत तेवढी जात नाही. हिमनदीचंही असंच असतं का, म्हणून तिनं क्लासमध्ये विचारलं. उत्तर मिळालं, "सांगलीत कुठनं आली हिमनदी? परीक्षेत येत नाही ते विचारू नकोस." पोरं हसली. फीची तारीख मात्र क्लासवाल्यांच्या नेमकी ध्यानात असते.

तुम्ही रस पिता पिता ऐकलंत आणि अर्धा ग्लास तिच्यापुढं धरलात. "बाहेरनं बोट फिरव. हे पाणी आलं कुठनं?" हवेतनं. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. बर्फावर एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं, की त्या उष्णतेत 7 ग्रॅम बर्फ वितळू शकतो. ढगाळ रात्री बर्फाची उष्णता आभाळात निघून जात नाही, तेही सांगितलंत. ताजा हिम 80-90 टक्के ऊन माघारी धाडतो, म्हणून उन्हाळ्यात एकदा हिम पडला की वितळणं मंदावतं. त्याऐवजी पाऊस पडला तर जुना मळका बर्फ उघडाच राहतो आणि ऊन पीत बसतो. पातळ धूळ बर्फ खाते, पण गंगोत्रीच्या हिमनदीवर खालच्या अंगाला आहे तसा दगडमातीचा जाड थर त्याला राखतो, "तुझ्या वडिलांच्या भुशासारखा." वीस वर्षं लादीवर भुसा घालतोय, शास्त्रात त्याचं नाव पहिल्यांदा निघालं!

हे सगळं पोरगी कधीतरी पुस्तकात वाचेलही. पण तुम्ही खिशातली डायरी काढलीत आणि म्हणालात, "तुझं निरीक्षण लिहून घेतो. तारीख सांग." भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तिनं तारीख सांगितली तेव्हा तिचा आवाज कापत होता. मी उगीच चरकात ऊस घालत राहिलो, वर बघायचा धीर झाला नाही. मोठ्या माणसानं लहानाचं बोलणं लिहून घ्यावं, एवढा साधेपणा हल्ली कुठं बघायला मिळतो?

आता तिनंही वही केलीय. रोज संध्याकाळी सुतळीनं लादी मोजते. वारं सुटलं की काय होतं, हे तुम्हाला विचारायचं राहिलं म्हणते. पुढच्या खेपेला ग्लास रिकामा करू नका.

तुमचा,
रसवंतीवाला